नवा रकाना

मस्कत, सन अठराशे शहाऐंशी.
मुंबईच्या आगबोटीनं आणला मोहरबंद लिफाफा
आणि माझी लोणच्याची बरणी, तडकलेली.
कायद्याच्या कागदाला तेलाचा डाग.

साहेब म्हणाले, त्रिलोकेकर,
पगारपत्रकात एक रकाना वाढवा.
मी आखला. 'देय' आणि 'अदा' यांच्या मधोमध,
बोटभर रुंद, तांबड्या शाईनं.
उकाड्यानं शाई दौतीतच आटे,
दर चार ओळींनी पाणी घालावं लागलं.

वर्षाला पाचशेच्या आत, त्याला माफी.
नावाडी दादमुहंमद बारा रुपयांचा. सुटला.
पास्काल एक्केचाळीसचा. सुटला, आणि हसला इतका
की तोंडातला चिरूट खाडीत पडला.
मला शिमग्यात बढती मिळालेली, चाळीसाचे पंचेचाळीस.
अख्ख्या कचेरीला हलवा वाटला होता मी.

रुपयामागे चार पै.
पंचेचाळीस चोक एकशे ऐंशी, भागिले बारा,
पंधरा आणे.
पुन्हा केलं. तेवढेच.

साहेबांचा दर पाच पै.
तेही मीच लिहिलं, त्याच शाईनं,
अंमळ ठळक.

लखमीदास भाटिया खजुराची पोती मोजता मोजता विचारतो,
"वसुलीला कोण येतं तुमच्याकडे?"
कोणी नाही, शेट.
"मग देता कशाला?"

मुंबईत म्हणे व्यापाऱ्यांच्या दारी नोटिसा जातात.
ते चोपड्या लपवतात, अर्ज करतात,
एखादा वर्षभर टोलवतो.
माझ्या दारावर थाप मारायची तर
मीच मारायची, आतून.

पहिल्या तारखेला चव्वेचाळीस रुपये एक आणा
मोजून दिले, मोजून घेतले, सही केली.
वीसांऐवजी एकोणीसची मनिऑर्डर गिरगावात.
यमूला कारण लिहायला बसलो तर शब्द सापडेना.
दंड नव्हे. दस्तुरी नव्हे.
कर म्हणावं, तर कर भरतात,
आणि मी काही भरलं नव्हतं.
"इकडे सर्व क्षेम" लिहून पत्र मिटलं.

रात्री खजिन्याच्या खोलीबाहेर बाज टाकतो.
किल्ली करगोट्याला.
ते पंधरा आणे आगबोटीत चढले नाहीत,
कलकत्त्याला निघाले नाहीत.
भिंतीपलीकडे, माझ्या उशापाशी,
परवा होते त्याच पेटीत आहेत.

पास्काल घोरतोय.
पुढल्या महिन्यात त्यांतलेच काही
त्याच्या पगारात जातील.
मोजून मीच देईन.