भाचा गोळ्या घेऊन लाँचवर चढतो तेव्हा

आण इकडे ती पिशवी, विश्राम.
बर्फाच्या खणाला लागून ठेवलीस? मेल्या,
ओल लागली की गोळीचं पीठ होतं.
इंजिनाजवळही नको, तिथे भाजेल.
हा डबा घे. झाकण घट्ट आहे,
पूर्वी मी यात गळ ठेवायचो.

ही बारकी गुलाबी, ताट समोर आल्यावर,
पहिल्या घासाआधी.
ही लांबट पांढरी जेवणासोबत, अख्खी गिळायची.
तोडू नको, चावू नको,
ती सावकाश विरघळावी म्हणून तशी केली आहे.
हे तुझ्या चिठ्ठीवरचं.
माझ्या चिठ्ठीवर वेगळं आहे, माझं बघून घेऊ नकोस.

तुझ्या आईने सांगितलं असेल, रात्री आठला घे.
देवगडात आठ वाजता ताट असतं.
इथे आठ वाजता जाळं असतं.

तीन वर्षांमागे, विजयदुर्गाच्या बाहेर,
मी घड्याळ बघून गोळी घेतली
आणि बांगडा लागला.
भात चुलीवर, आम्ही सगळे दोरीवर.
हात कापायला लागले, म्हटलं दोरीमुळे.
घाम सुटला, तो तर रोजचाच.
मग मी काळोखात भाव पुकारायला लागलो म्हणे,
पाटी अडीचशे, पाटी अडीचशे,
बंदर तीस मैल लांब!
पोरं हसली. मी एकाच्या कानाखाली वाजवली.

हसला नाही तो फक्त खवणेकरांचा धाकटा.
त्याच्या आजीचं असंच व्हायचं.
त्याने चहाची साखर आणली, तीन चमचे,
माझ्या तोंडात कोंबली.
सहा वर्षं जिला शिवलो नव्हतो ती साखर.
पंधरा मिनिटांनी दीपस्तंभ परत जागेवर आला.
मग करपलेला भात खाल्ला, रडत.

म्हणून साखरेची पुडी खिशात, डब्यात नव्हे.
आणि पोरांना सांग, मी शुद्धीत असेन तरच तोंडात घाला,
नसेन तर काही कोंबू नका, लाँच वळवा.
लाजू नकोस.
खलाशाला साखर आहे हे कळल्याने बोट बुडत नाही.

एखाद्या दिवशी राहिली तर?
पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.
सोसायटीचं कर्ज नव्हे ते, थकलेलं फेडायला.
ओकाऱ्या लागल्या, पोटात काही ठरेना,
तर काय करायचं ते डॉक्टरणीला
निघायच्या आधीच विचारायचं.
बाहेर रेंज नसते.
नव्हतं विचारलंस ना?
लाव फोन, अजून धक्क्यावर आहोत.

आणि ती बाटली कोणाची? तुझी?
उपाशीपोटी तिचं आणि गोळीचं जमत नाही.
धक्क्यावर ठेव. नाही, मला देऊ नकोस.

…काय म्हणाली?
लिहून घे, डब्याच्या झाकणावर लिही.
आता जा, भात शिजला का बघ.
शिजला?
आदी ताट वाढ.
हां. आता उघड डबो.