पोटाचा निळा

आधी निघाला पांढरा,
दवाखान्याच्या भिंतीसारखा, सोलायला सोपा.
त्याखाली लाल. हा मात्र चिवट,
पाणीपेपरला दाद देईना,
आठवडाभर माझी नखं
कुंकवाच्या करंड्यात बुडवल्यासारखी.
मग मिलिटरी हिरवा, ब्रशने मारलेला, ब्रशच्या केसांसकट.
देवळाली कँपात कुणीतरी उघडा सरकारी डबा पाहून
रविवारची दुपार सत्कारणी लावली असणार.

गाडी दोन माणसांची. तिसऱ्याने पायी यावं.
सातपूरच्या भंगारवाल्याकडे ती
पाण्याच्या टाकीखाली दबली होती.
मी टाकी घ्यायला गेलो होतो.
पाथर्डी फाट्याच्या रो-हाउसच्या पोर्चमध्ये
आता तीन वर्षं झाली.
विदुला स्कूटी गेटबाहेर लावते
आणि त्याबद्दल काही बोलत नाही,
हे बोलणंच आहे.

डॅशबोर्ड उतरवला त्या दिवशी
वायपरच्या मोटरमागे,
जिथे ऊन, पॉलिश, मालक,
कुणीच पोचलं नव्हतं,
तळहाताएवढा निळा.
दुधात पाणी जास्त झालं
की पेल्याच्या कडेला दिसतो ना,
तेवढाच.

गांगुर्डे ओझरहून आले, लुनावर, कानटोपीत.
एकतीस वर्षं विमानांच्या पेंट शॉपमध्ये काढलेली.
चष्मा कपाळावर चढवून, नाक पत्र्याला लावून
बघत राहिले.
"हा तर पोटाचा निळा."
विमानाच्या पोटाला मारतात, म्हणाले,
खालून बघणाऱ्याला आभाळच वाटावं म्हणून.
"चांगला बसला म्हणजे दिसत नाही.
दिसला, की साहेबाचं बोलावणं."

दिंडोरीच्या साडूने द्राक्षबागेवरचं प्लास्टिक पाठवलं,
एका कडेला गेल्या वर्षीच्या गारांची भोकं.
ती टेपने बुजवली. फरशीवर पाणी मारलं, धूळ बसावी म्हणून.
कॉम्प्रेसर पंक्चरवाल्या सादिकचा, तासाच्या बोलीने.
रंग गाळला विदुलाच्या जुन्या मोज्यातून,
तिनेच काढून दिला, न मागता.
जानेवारी. निफाडचा पारा पेपरात चारवर.
"अकराच्या आत गन उचलायची नाही.
गार पत्र्यावर रंग रडतो."

"हाताकडे नको बघू, आवाज ऐक.
फस्स नको. सुस्स पाहिजे."
मी मारत गेलो. बॉनेट, उजवं दार, मागचा उतार,
प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा.
डाव्या दाराशी ते म्हणाले, "आण इकडं."
सकाळी चहाचा कप त्यांनी
दोन्ही हातांनी धरला होता,
ते मी पाहिलं होतं. तरी दिली.
दार उतरत गेलं सुरेख, वरून खाली,
आणि अगदी शेवटच्या परतीच्या फेरीत
मनगट एक ठोका चुकलं.
एक ओघळ, करंगळीएवढा,
निघाला, आणि मधेच थांबला.
कॉम्प्रेसर चालूच होता.

मी म्हणालो, राहू द्या, आठवण.
"आठवण कसली? डाग आहे तो.
आठ दिवस वाळू दे,
मग बाराशे नंबरने, साबण लावून, ठोकळ्यावर घास.
बोटांनी घासशील तर खड्डा पाडशील."

आठ दिवसांनी घासला. साबण लावून, ठोकळ्यावर.
निळं पाणी गटाराकडे निघालं,
शेजारचा टॉमी चाटायला आला, त्याला पायाने अडवलं.
आता दारावरून हात फिरवला तर कळत नाही.
मला तरी कळतं का?
नाही. जागाही नक्की सांगता यायची नाही,
इतका स्वच्छ निघाला.

रविवारी प्लास्टिक सोडलं, गाडी ढकलत गल्लीत आणली.
इंजिन अजून बाल्कनीत, पोत्याखाली.
वर आभाळ, तेच पाणी घातलेलं दूध.
सिलिंडरवाला थांबला, एक पाय जमिनीवर टेकून.
"कोणी मारला हो कलर?"

गांगुर्ड्यांनी कानटोपी काढली.
मागे वळून पाहिलं,
साहेब उभा असावा तसं.
"दिसतो का?" त्यांनी विचारलं.
"दिसतो म्हणजे?" तो म्हणाला,
"फाट्यावरून दिसतोय."