रविवारची वही

पहिल्या रविवारी आम्ही नुसतं रान काढलं.
घाणेरी, रानमोडी,
आणि चिमणीतून वर आलेलं उंबराचं रोप,
ते मात्र बाबल मेस्त्रींनी मुळासकट सोडवून
करवंटीत लावलं.
मग दिसलं इंजिन.
म्हशीएवढं. फार तर दोन म्हशी.
खाणीपासून धक्क्यापर्यंत अडीच मैल
लोखंडाची माती ओढायचं,
एवढीच त्याची कर्तबगारी.

खाऱ्या वाऱ्यानं नट आणि बोल्ट एकजीव केलेले.
रॉकेल हरलं, बाजारातला स्प्रे हरला,
तेव्हा रुजार फर्नांडिसनं होडीतून आणलं
मुशीचं तेल.
तीन आठवडे हातांना, डब्यांना, घरच्या उशांना
तोच वास.
चौथ्या रविवारी एक नट कुरकुरला
आणि आयटीआयची शर्वाणी अशी ओरडली
की धक्क्यावरचे बगळे उठले.

पितळी पाटी रात्रभर आमसुलाच्या पाण्यात.
सकाळी तिच्यावर आकडा उगवला : चार.
म्हणजे एक, दोन, तीन होते.
कुठे गेले, कुणी विचारलं नाही.
भंगाराचा भाव सगळ्यांनाच पाठ.

कोल्हापूरहून बॉयलरचे साहेब आले,
हातोडीनं ठोकत, कान लावत फिरले.
म्हणाले, पत्र्याचा पापड झालाय,
ह्यात वाफ कधीच भरायची नाही.
चहा घेऊन गेले.
"मगे? सोडूया?" दाऊदनं विचारलं.
मेस्त्री पिस्टन पुसत राहिले.
"वाफ नाय तर नाय. चाक तरी फिराक व्हया."

फिरलं. वीतभर.
अकरा जणांनी खांदा दिला
(शब्द बरा नाही, पण खांदाच तो),
खाली झोपलेला कुत्रा उठून बाजूला झाला,
जरा वेळानं परत येऊन झोपला.

शिट्टीसाठी दाऊदच्या पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर,
रबरी नळी, जोडाला चिंध्या.
शिट्टी आधी कुंभारमाशीचं घर थुंकली,
मग वाजली,
खाडीपलीकडे जाऊन मागे आली.

बांधावरून द्वारका मातोंडकर चालली होती,
डोक्यावर चुडतांचा भारा.
तिनं भारा खाली ठेवला. घाम पुसला.
आम्हांला वाटलं, आता आठवण सांगेल.
शर्वाणीनं मोबाइल वर धरला.

"सहा दिसांचे पैसे रवलेत माझे," ती म्हणाली,
"खाण बंद झाली त्या आठवड्याचे.
कोण देतलो?"

कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत होता.

त्या रविवारचा खर्च वहीत माझ्या अक्षरात आहे :
डिझेल एक लिटर. चिंध्या. उसळ-पाव तेरा.
त्याखाली मेस्त्रींनी, कानामागची पेन्सिल काढून,
फळीवर माप लिहितात तसं सावकाश :
द्वारका मातोंडकर. दिवस सहा.

रकमेची जागा मोकळी आहे.
पुढच्या रविवारी मागचा ॲक्सल.