शेरा

मंडळीच्या जुन्या वहीत पाच रकाने आहेत.
जन्म. बाप्तिस्मा. दृढीकरण. लग्न. मूठमाती.
सहावा अरुंद, शेऱ्याचा,
त्यात बहुतेक ठिकाणी नुसती आडवी रेघ.

पाळक उंबरकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"करुणा, सोडून जाण्याला इथं रकानाच नाही."
खरंच नव्हता.
ज्या साहेबानं ही वही आखली, फूटपट्टी धरून, निळ्या शाईनं,
त्याला येणारे दिसत होते, मरणारे दिसत होते.

बाहेर मोहाखाली
बंद पडलेल्या मिशन दवाखान्याचं स्ट्रेचर,
त्यावर कुणीतरी तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या.

कुणी दुखावलं? कुणी फितवलं?
नाही.
अकरा वर्षं मी इथं रात्रपाळी केली.
दर पाळीआधी औषधांच्या कपाटापाशी गुडघे टेकले.
एका रात्री तीन बाळंतपणं एकदम आली,
प्रार्थना राहून गेली.
सकाळ झाली. तिन्ही पोरं रडली.
मग एकदा मुद्दाम केली नाही.
सकाळ झाली.
एक पोर रडलं नाही.
पण तसं तर प्रार्थनेच्या रात्रीही व्हायचं.

"इतकंच?"
इतकंच. सैतान वगैरे कोणी आला नाही.
उलट त्या महिन्यात मला झोप लागू लागली,
भर दुपारी, कोंबड्यांच्या कलकलाटात.

आई भाकरी थापत होती तेव्हा तिला सांगितलं.
देवाचं ती काहीच बोलली नाही.
"मंग तुले मेल्यावर कुठी नेतीन वं?
नाल्याकाठी? तिकडं आपलं कोनीच नाई."
मी म्हटलं, मेल्यावर मला काय कळणार.
"तुले नाई कयनार.
मी तं इथंच राहीन ना, तारेच्या आत,
तुई वाट पायत."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
तव्यावरची भाकरी मी उलटली, जरा उशिराच.

स्तोत्रं अजून गेलेली नाहीत.
गाभण शेळीची पाठ चोळताना
जीभ आपली आपण पुढची ओळ काढते.
शेळीला आवडतं. मी अडवत नाही.
जेवणाआधी हात अजून थांबतो.
आभार कुणाचे?
कधी पार्वताबाईचे, तिच्या वावरातली ही ज्वारी.
कधी हात नुसताच थांबतो.

शेवटी पाळकांनी शाईचं पेन बाजूला ठेवून
खिशातली पेन्सिल काढली.
करुणा शमुवेल तेलमोरे, या नावापुढं
शेऱ्यात बारीक लिहिलं,
स्थलांतरित.

मी रस्त्यापलीकडे राहते.
माझ्या मोरीतून चर्चचे पत्रे दिसतात,
त्यातला एक कुठं गळतो तेही मला माहीत आहे.

"खोडता येतं," ते म्हणाले,
आणि वहीवर फुंकर मारली.
मग मान खाली घालून,
"बीपी बघशील का जरा? दोन दिवस झाले, डोकं धरलंय."

मशीन घरी होतं.
ते आणायला मी रस्ता ओलांडला.