कोंडवाड्याची किल्ली

किल्ली माझ्या कमरेला आहे, सात वर्षं झाली.
आधी ती कवडूच्या करदोट्याला होती.
तो गेला त्या आठवड्यात ग्रामसेवक म्हणाले,
तात्पुरती ठेवा, वच्छलाबाई.
आमच्या पिपरडोलीत तात्पुरतं फार टिकतं.
नळाचा पाइपसुद्धा तात्पुरत्या सुतळीवरच उभा आहे.

पांदणीच्या तोंडाशी एक कवाड आहे:
बाभळीच्या फांद्या, तारेचा वेढा,
मधोमध जुन्या सायकलचं रिम.
जाताना उघडायचं, गेल्यावर लावायचं.
कुठं लिहिलेलं नाही.
पोरगं चालायला लागलं की आधी हे शिकतं,
मग अ, मग आ.

आत हरभरा, लाखोळी, जवसाची निळी पट्टी.
बाहेर गावाची शंभरावर गुरं
आणि त्यांचा गायकी दुर्योधन,
ज्याची शिट्टी बैलाला कळते, बायकोला नाही.

दिवाळीच्या आधी पांदणीतल्या काट्या काढतात,
घरटी एक माणूस.
ज्याच्या घरी माणूस नाही त्यानं चहा द्यायचा.
गोमा मेश्रामकडं त्या साली दोन्ही नव्हतं,
तो उंबराखाली बसून सगळ्यांच्या विळ्यांना
धार लावत राहिला.
मयतीला घरटी एक लाकूड.
अबोला असला तरी लाकूड जातं,
फक्त नेणारा मान खाली घालून टाकतो आणि वळतो.

माझा पोरगा नागपुरात, वाडीच्या गोदामात.
फोनवर सांगतो, माय, जिन्यातला बल्ब
तीन महिने झाले गेला आहे,
कोणी बदलत नाही, तो कोणाचाच नाही म्हणून.
मी म्हटलं, तू तर उंच आहेस.
तो गप्प.

आता जे सांगायचं ते सांगते.

पौषातली संध्याकाळ, डोक्यावर तुराट्यांचा भारा.
दोन्ही हात वर.
भारा टाकून येते, असं मी कवाडाला म्हटलं.
कवाडानं ऐकलं.
मी चूल पेटवली, भाकर टाकली, झोपले.

सकाळी पार्बता उईकेच्या लाखोळीत अकरा जनावरं,
ओठांना दव, पायाखाली अर्धं शेत.
कवाड कोणी उघडं टाकलं रे? दुर्योधन ओरडला.
सगळे बघायला लागले निळकंठाच्या पोराकडं,
तो कुहीवरून मोटरसायकलनं रात्री उशिरा येतो.
मी नाही, तो म्हणाला.
त्याला खोटं बोलायची सवय आहे
आणि त्या दिवशी तो खरं बोलत होता.

मी कुलूप उघडलं. अकरा जनावरं आत घेतली.
अकरावी माझी ढवळी,
दारातून जाताना माझा पदर चाटून गेली.

जनावरामागं पन्नास रुपये.
दहा पावत्या फाडल्या, हात कापला नाही.
अकराव्या पावतीवर मालकाचं नाव लिहिलं
वच्छला कवडू भोयर.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, कवाड उघडं राहिलं.
बघत बसले त्या शब्दाकडं.
राहिलं. जसं काही कवाडालाच वाटलं, राहावं उघडं.
खोडलं.
ठेवलं, असं लिहिलं.

पावतीबुक ग्रामसेवकाशिवाय कोणी वाचत नाही,
तेही गुरुवारी.
मला गुरुवारपर्यंत थांबवलं नाही.
निळकंठाच्या ओट्यावर जाऊन सांगितलं, चारचौघांत.
पोरगं साखळीला तेल देत होतं.
वर न बघता म्हणालं, मला काय, सवय आहे.
हे वाक्य अजून माझ्या घशात आहे.
दहा जणांना पन्नास-पन्नास फेडायचे,
त्यातले सहा झाले.

पार्बताबाईनं पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, पैशाला काय लाखोळी लागते?
काढणीला ये. चार दिवस. भाकर आपली आण.

आज पहिला दिवस.
विळा घेतला, फडक्यात भाकर बांधली.
कवाड उघडलं, आत आले, लावलं.
वीस पावलं गेले असेन.
परत फिरले,
रिमला हात लावून पाहिला.
थंड होतं. लागलेलं होतं.