दोनशे अकरा

मानखुर्दच्या पुलाजवळ, खाडीच्या अंगाला,
पत्र्याचं कुंपण, एक टेबल, एक पंखा
आणि मी, पोलीस नाईक शालन गवस.
माझ्याकडे गाड्या येतात.

पहिल्यांदा सापडला तर दंड.
दुसऱ्यांदा दंड, वर दोन शब्द.
तिसऱ्यांदा माणूस घरी जातो, गाडी इथं येते.
साठ दिवस.
नियम एवढाच. बाकीचं सगळं लोक बोलतात.

कुणी फोन लावून माझ्या कानाला धरतात,
पलीकडून कुणीतरी मोठं खोकतं.
एक जण बुलेटच्या टाकीवर हात ठेवून रडला,
वडील गेले तेव्हा रडला नसेल इतका.
एका डॉक्टरने विचारलं,
बॅटरी उतरेल हो, रोज थोडी चालू करून ठेवाल का?
मी म्हटलं, ज्याला उडवलंत तो चालू झाला का?
म्हटलं नाही.
मनात म्हटलं, आणि पावती फाडली.

विमल तांडेल आली ती बाविसाव्या दिवशी.
ट्रॉम्ब्याची. हाताला बर्फाचा वास.
वहीच्या पानावर अर्ज, अक्षर शेजारच्या मुलीचं:
विषय, गाडी न सोडणेबाबत.

मावशी, सोडवायचा अर्ज असतो.
विमा, पीयूसी, बंधपत्र, कोर्टाचा कागद.
न सोडवायचा फॉर्म आमच्याकडे नाही.

ती स्टुलावर बसली. पंखा तिच्याकडे वळवला.
म्हणाली, आगोट आली की आम्ही होड्या वर ओढतो,
शाकारून ठेवतो.
पुनवेला नारळ पडेपर्यंत कुणी उतरत नाय.
उतरला तर गाव बोलतो.
याला कुणी शिक्षा म्हणत नाय, बाई.
दर्या तसा हाय, म्हणून होडी वर.
माझ्या पोराची पुनव अजून आली नाय.

पोरगा हितेश. फ्रीवेवर रात्री दोनला,
जिथं दुचाकीला मुळात बंदी,
पैजा लावून.
तिसऱ्या वेळी वॉचमनची ड्युटी संपवून निघालेले
रामनरेश पाठक मध्ये आले.
शीवच्या इस्पितळात आहेत, पायात सळई.
विमल त्यांना दर बुधवारी बोंबलाचं कालवण नेई.
ते खात नाहीत हे तिला तिसऱ्या बुधवारी कळलं.
ते बोलले नव्हते, डबा धुऊन परत देत होते.
आता वरण नेते.

जाताना म्हणाली, बघू का जरा?
रांग चौथी, खडूने लिहिलेला दोनशे अकरा.
एमएच शून्य तीन, आरसे नाहीत, सायलेन्सर बदललेला,
आणि मागच्या प्लेटवर, नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत,
आईचा आशीर्वाद.
ती वाकली. नखाने खरवडू लागली.

जप्त मालाला हात लावणं गुन्हा आहे.
मी रजिस्टरमध्ये पाहत राहिले.
किती वेळ लागतो एक स्टिकर निघायला,
ऐकू येत होतं.

एकसष्टाव्या दिवशी हितेश आला. कागद सगळे बरोबर.
मी शिक्के मारले, जिथं जिथं मारायचे तिथं.
त्याने प्लेट पाहिली. तिथं एवढंच उरलेलं: आई.
हे कुणी केलं?
आत आली तेव्हा अशीच होती, मी म्हटलं,
आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
पंचनाम्याशी न जुळणारं बोलले.

किक मारली. परत मारली.
खाऱ्या वाऱ्याने साखळी गंजलेली, बॅटरी बसलेली.
शेवटी ढकलत निघाला पुलाच्या चढाला.
मागून टेम्पो, रिक्षा, एक पाणीवाला सायकलवर,
सगळे त्याला ओलांडून पुढे.

मी नोंद केली: ताबा दिला, सायंकाळी पावणेसहा.
वेगाचा रकाना आमच्या रजिस्टरला नाही.
विमलचा अर्ज अजून खणात आहे,
आवक क्रमांक घालायचा राहून गेलाय.