मुलाखत क्रमांक सात

ग्लेस बे, फेब्रुवारी. समुद्रावर बर्फाच्या लाद्या,
आणि आत मर्डिना मॅकास्किलच्या स्वयंपाकघरात
रेकॉर्डरचा लाल ठिपका, ओट्सची पेज मंद आचेवर.
मी विचारलं, तुम्ही काळजीवाहक कधी झालात?
"काळजी... काय म्हणालात?
मी त्याची बहीण आहे."
पहिला प्रश्न तिथेच बाद.

पलीकडच्या खोलीत हेक्टर.
एकतीस वर्षं समुद्राखालच्या कोळशात;
आता उजवा हात उशीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.

पद्धतीचा नियम असा, की सिद्धांत सोबत न्यायचा नाही.
मोकळ्या हातांनी जायचं, जमिनीतून उगवेल ते घ्यायचं.
मी मोकळ्या हातांनी गेले
तर तिनं त्यात टॉवेल दिला. "तेवढं धरा जरा."

रात्री ओळीओळीला नाव देत बसते.
"त्याची दाढी करताना माझाच श्वास अडकतो."
समासात लिहिते: श्वास वाटून घेणे.
खोडते.
"झोपते मी, पण कान जागाच."
हे जसंच्या तसं ठेवते. माझ्याकडे याहून बरे शब्द नाहीत.
मग शेजारी मांडून बघते:
मुलाखत दोन, ऑर्व्हिल बुद्रो,
बायकोच्या गोळ्या मोजतो बटाट्याची पोती मोजावीत तशा, मोठ्यानं;
मुलाखत पाच, थिओडोरा,
सासऱ्यांना आंघोळ घालताना नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.
नोव्हेंबर तिला तोंडपाठ.

मर्डिनाच्या लिखित प्रतीत एका जागी: शांतता, चौदा सेकंद.
यंत्राला तेवढंच कळलं.
मी होते तिथे. ती उठली,
दारापर्यंत गेली, आत डोकावली, परत आली
आणि वाक्य जिथे टाकलं होतं
तिथूनच उचललं.

मार्गदर्शकांनी विचारलं, नवं काही हाती लागतंय का अजून?
म्हटलं, नाही. सगळे आता तेच सांगतात.
मग झालं की, ते म्हणाले.
मी कागदाच्या मधोमध लिहिलं: चाहूल.
भोवती बाण काढले, सगळे आत शिरणारे.
आकृती इतकी नेटकी झाली
की मला तिचाच संशय यायला हवा होता.

एप्रिलमध्ये मर्डिनाचा फोन.
हेक्टरला जाऊन तीन आठवडे झालेले.
"तुमच्या त्या कामाला उपयोग होईल का, ठाऊक नाही.
पण तीन वाजून दहा मिनिटांनी अजून जाग येते.
उठते. त्याला कुशीवर वळवायला जाते.
चादर गार लागते तेव्हा आठवतं.
मग तीच जरा सारखी करते
आणि येते परत."

या बाणाचं टोक कुठे वळवू?
जुन्या कागदावर जागा नव्हती.
नवा घेतला, वर तारीख टाकली,
आणि पेन तसंच धरून बसले.

किती सेकंद, मोजले नाहीत.
पलीकडून ती म्हणाली,
"आहात ना?"